संख्याशास्त्रज्ञांच्या घरचा डायनोसॉर

वर्गाच्या भिंतीवर जमिनीपासून १ मीटर ७० सेंटिमीटर उंचीवर खडूने एक आडवी रेघ ओढा. वर्गातल्या सर्वांत उंच मुलाला तिच्याखाली उभे करा. बहुधा त्याचे डोके रेघेच्या खालीच राहील. मग मुलांना सांगा, की ही उंची एका हाडाची आहे. अख्ख्या प्राण्याची तर नाहीच, त्याच्या पायाचीही नाही. गुडघ्याच्या वरचे, मांडीचे एवढे एकच हाड.

हे हाड आपल्या महाराष्ट्रातले. गडचिरोली जिल्ह्याच्या अगदी दक्षिणेला सिरोंचा तालुका आहे. तिथल्या पोचमपल्ली गावाच्या परिसरात ते १९६१ साली जमिनीतून निघाले. ज्या जातीच्या प्राण्याचे ते होते तिचा सांगाडा पाहायचा असेल तर मात्र कोलकात्याला जावे लागते. तेही चौरंगीवरच्या प्रसिद्ध इंडियन म्युझियममध्ये नाही. शहराच्या उत्तरेला, बरानगर भागात ‘इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट’ ही संस्था आहे, तिच्या भूशास्त्र संग्रहालयात तो उभा आहे.

शिक्षकांच्या शिबिरांत हे सांगितले, की दोन प्रश्न हमखास येतात. पहिला प्रश्न गणिताच्या शिक्षकांचा असतो : ‘संख्याशास्त्राच्या संस्थेत डायनोसॉर कशाला?’ दुसरा प्रश्न चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या शिक्षकांचा असतो, आणि तो जरा रागाने विचारलेला असतो : ‘आमची हाडं तिकडे का?’ पहिल्या प्रश्नाचे उत्तर इतिहासात सापडते. दुसऱ्याचे उत्तर देताना मी अजूनही थोडा अडखळतो. तेव्हा आधी इतिहास पाहू.

वर्धा आणि वैनगंगा एकत्र येऊन प्राणहिता होते आणि सिरोंचाजवळ ती गोदावरीला मिळते. या खोऱ्यात नद्यांनी आणि तळ्यांनी साठवलेल्या गाळाचे खडक एकावर एक रचलेले आहेत. त्यांतल्या प्राण्यांच्या अवशेषांचा काळ आठ-दहा कोटी वर्षांचा भरतो. डायनोसॉर येण्याच्या आधीपासून ते त्यांतले अवाढव्य प्राणी अवतरेपर्यंतची कथा इथे एकाच खोऱ्यात वाचता येते. ही गोष्ट इंग्रजांच्या लवकर ध्यानात आली होती. प्राणहितेच्या काठी कोटा नावाचे गाव आहे. तिथल्या चुनखडकातल्या अश्मीभूत माशाची माहिती १८५१ साली लंडनच्या भूशास्त्र परिषदेपुढे मांडली गेली. ती मांडणारे कर्नल विल्यम साइक्स कोण होते? मुंबई सरकारसाठी दख्खनची आकडेवारी गोळा करणारे अधिकारी, आणि पुढे लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीचे अध्यक्ष! म्हणजे या खोऱ्यातले जीवाश्म आणि संख्याशास्त्र यांची गाठ तेव्हाच पडली होती. हा निव्वळ योगायोग आहे, पण मला तो फार आवडतो.

नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजला ज्यांचे नाव आहे ते मिशनरी स्टीफन हिस्लॉप हे या भागातले दुसरे मोठे संग्राहक. नागपूरच्या दक्षिणेला मांगली इथे मिळालेली एका उभयचर प्राण्याची कवटी त्यांनी लंडनला पाठवली. ‘डायनोसॉर’ या शब्दाचे जनक रिचर्ड ओवेन यांनी १८५५ साली तिचे वर्णन केले. प्राणहितेपलीकडच्या मालेरी गावाजवळचे माशांचे दातही हिस्लॉप यांनी गोळा केले. १८६३ साली टाकळघाटजवळ ओढ्याच्या पुरात ते बुडाले आणि हे काम थांबले. त्यांनी जमवलेल्या वस्तूंचा महत्त्वाचा भाग लंडनच्या संग्रहालयात गेला. त्या काळाची रीतच तशी होती. जीवाश्म इथे सापडायचा, नाव तिथे पडायचे, आणि तो तिथेच राहायचा.

इथे राहिलेल्या हाडांचे भाग्य तरी काय होते? भारतात सापडलेली पहिली डायनोसॉरची हाडे जबलपूरची. १८२८ साली स्लीमन यांनी ती उचलली. हे ठगांचा बंदोबस्त करणारे तेच स्लीमन. १८७७ साली लायडेकर यांनी त्यांवरून ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ हे नाव दिले. पुढे त्यातला मूळ मणका कुठे आहे हेच कळेनासे झाले. जगभरचे शास्त्रज्ञ कित्येक दशके केवळ चित्रांवर आणि साच्यांवर भागवत राहिले. अखेर २०१२ साली कोलकात्यातच, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहात तो पुन्हा सापडला. शोधणाऱ्यांत धनंजय मोहबे हे नागपूरचे भूशास्त्रज्ञ होते. संग्रहालय म्हणजे काचेची कपाटे, अशी आपली समजूत असते. खरे संग्रहालय नोंदवहीत असते. कोणते हाड, कोणत्या थरातून, कोणत्या दिवशी निघाले आणि आज कोणत्या कप्प्यात आहे, हे सांगता आले नाही तर हाड असून नसल्यासारखे.

आता संख्याशास्त्राकडे येऊ. प्रशांतचंद्र महालनोबिस हे कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. १९२० साली इंडियन सायन्स काँग्रेसचे अधिवेशन नागपूरला भरले होते. तिथे प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन अ‍ॅनंडेल यांची त्यांची गाठ पडली. कोलकात्यातल्या अँग्लो-इंडियन लोकांच्या शरीराची मोजमापे अ‍ॅनंडेल यांच्याकडे होती. त्यांचा अर्थ लावायला त्यांनी महालनोबिसांना सांगितले. दोन समूहांची अनेक मापे एकाच वेळी विचारात घेऊन ते एकमेकांपासून किती ‘दूर’ आहेत हे कसे ठरवायचे, या प्रश्नाचा पाठपुरावा त्यांनी वर्षानुवर्षे केला. १९३६ साली प्रसिद्ध झालेले ‘महालनोबिस अंतर’ हे त्याचे फळ. आज संगणकावर चेहरा ओळखण्यापासून कवट्यांची तुलना करण्यापर्यंत ते वापरले जाते.

१९३१ साली त्यांनी काढलेल्या इन्स्टिट्यूटला संसदेने १९५९ मध्ये कायदा करून पदव्या देण्याचा अधिकार दिला. तेव्हापासून ती विद्यापीठाच्याच तोडीची आहे. पण महालनोबिसांच्या मते संख्याशास्त्र एकटे शिकवायचा विषयच नव्हता. ज्याला मोजायचे आहे ती वस्तू जवळ हवी. म्हणून तिथे पिके आली, माणसे आली, भाषा आल्या, आणि १९५७ साली दगडही आले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या पुराजीवशास्त्रज्ञ पामेला रॉबिन्सन यांना त्यांनी बोलावले आणि भूशास्त्र विभाग सुरू झाला. त्याच वर्षी, त्याच लंडनच्या कॉलेजातून जे. बी. एस. हाल्डेन हे विख्यात जीवशास्त्रज्ञही इन्स्टिट्यूटमध्ये दाखल झाले. जीवाश्मांच्या मापांवरून उत्क्रांतीचा वेग मोजता येईल असे हाल्डेन यांनी १९४९ मध्ये सुचवले होते आणि त्या वेगाच्या एककाला ‘डार्विन’ असे नाव दिले होते. तेव्हा गणिताच्या शिक्षकांना उत्तर असे, की या संस्थेत डायनोसॉर वाट चुकून आलेला नाही.

दगड मोजण्यात गणित कुठे येते, याचे एक उदाहरण वर्गात सांगण्याजोगे आहे. नदीच्या वाळूत तिरपे थर पडतात आणि ते वाहत्या पाण्याच्या दिशेला उतरते असतात. वाळूचा दगड झाला तरी ते तसेच राहतात. होकायंत्राने असे शेकडो उतार मोजले, की कोट्यवधी वर्षांपूर्वी नदी कुठे वाहत होती ते कळते. आता समजा, एक उतार उत्तरेच्या किंचित डावीकडे, ३५० अंशांवर आहे आणि दुसरा किंचित उजवीकडे, १० अंशांवर. दोन्हींची बेरीज करून दोनने भागा. उत्तर येते १८० अंश, म्हणजे दक्षिण! नदी उत्तरेला वाहतेय आणि आपली सरासरी तिला उलटी फिरवतेय. दिशांची सरासरी वेगळ्या रीतीने काढावी लागते. प्रत्येक दिशेचा बाण काढायचा आणि बाणाला बाण जोडत जायचे. भूशास्त्रज्ञ सुप्रिय सेनगुप्ता आणि संख्याशास्त्रज्ञ जे. एस. राव यांनी प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातल्या कामठी थरांतल्या अशा मोजमापांचे विश्लेषण १९६६ साली इन्स्टिट्यूटच्याच ‘संख्या’ या नियतकालिकात छापले. हे कामठी म्हणजे आपले नागपूरशेजारचे.

रॉबिन्सन यांच्याबरोबर तरुण भारतीय मंडळी होती : सोहनलाल जैन, तपन रॉयचौधरी, आणि पुढे टी. एस. कुट्टी, शंकर चटर्जी. त्यांनी निवडले ते हेच खोरे. १९५८ साली सिरोंचा भागात डायनोसॉरची पहिली हाडे दिसली. १९६० आणि १९६१ मध्ये मोठे खोदकाम झाले. महाराष्ट्र राज्य तेव्हा नुकते जन्मले होते. गडचिरोली हा जिल्हाच नव्हता, सिरोंचा चांदा जिल्ह्यात मोडत होता.

असे हाड जमिनीतून काढणे म्हणजे काय, ते मुलांना सांगितले पाहिजे. चित्रपटात माणूस ब्रशने माती झटकतो आणि अख्खा सांगाडा हसत बाहेर येतो. प्रत्यक्षात अश्मीभूत हाड दगडासारखे जड आणि जुन्या कौलासारखे ठिसूळ असते. ते भेगाळलेले असते आणि उचलायला गेले की तुकडे हातात येतात. म्हणून आधी भोवतीची माती काढून ते चौथऱ्यावर ठेवल्यासारखे मोकळे करायचे. भेगांत डिंकासारखे द्रव मुरवायचे. वर ओला कागद, त्यावर प्लास्टरमध्ये बुडवलेल्या गोणपाटाच्या पट्ट्या. थोडक्यात, मोडलेल्या हाताला घालतात तसे प्लास्टर. वाळले की उलथवायचे आणि दुसऱ्या बाजूलाही तेच. त्याआधी प्रत्येक हाड कुठे, कोणत्या दिशेला पडले होते, याचा नकाशा काढायचा. नकाशा न काढता उचललेले हाड हे शोभेची वस्तू होते.

पोचमपल्लीच्या परिसरात २७६ चौरस मीटर जागेत सुमारे ३०० हाडे मिळाली. २७६ चौरस मीटर म्हणजे सहा-सात वर्गखोल्यांएवढी जागा. हाडांबरोबर मोठमोठे अश्मीभूत ओंडकेही होते. पुरात सापडून मेलेला कळप आणि त्याच पुराने वाहून आणलेली झाडे, असा अर्थ त्यावरून लावला गेला. प्राणी किती? इथे पुन्हा मोजणी आली. ३०० हाडे म्हणजे ३०० प्राणी नव्हेत, आणि एकच प्राणीही नव्हे. समजा ढिगात डाव्या मांडीची सहा हाडे मिळाली. एका प्राण्याला डावी मांडी एकच असते, म्हणून प्राणी किमान सहा. हे केवळ उदाहरण झाले. सगळी हाडे आणि त्यांचे आकार ताडून शास्त्रज्ञ ‘किमान संख्या’ काढतात. पोचमपल्लीला ती सहा निघाली. ‘किमान’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे, आणि वर्तमानपत्रे नेमका तोच गाळतात.

त्या १.७ मीटरच्या हाडाने प्राण्याला नाव मिळवून दिले. खोदकाम करणाऱ्या मंडळींनी त्याला ‘बडा पा’ म्हणजे मोठा पाय म्हणायला सुरुवात केली. रोमन लिपीतून ते ‘बारापासॉरस’ झाले. (मराठी मुले यावरून त्याला बारा पाय होते असे समजतात. चारच होते.) १९६१ हे रवींद्रनाथ टागोरांच्या जन्मशताब्दीचे वर्ष होते आणि महालनोबिस त्यांच्या निकटच्या वर्तुळातले. म्हणून पुढचे नाव ‘टागोराय’. चार भारतीय शास्त्रज्ञांनी, जैन, कुट्टी, रॉयचौधरी आणि चटर्जी यांनी, १९७५ साली ते लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात जाहीर केले. कर्नल साइक्सच्या माशानंतर सव्वाशे वर्षांनी याच खोऱ्यातला प्राणी पुन्हा लंडनच्या छापखान्यात पोचला होता. या वेळी हाडे मात्र देशातच होती.

हा प्राणी का महत्त्वाचा? लांब मान, लांब शेपूट आणि खांबासारखे चार पाय असलेल्या सॉरोपॉड डायनोसॉरांचे फार जुने नमुने तेव्हा जगातच तुटपुंजे होते. कोट्याच्या थरांचे वय किती याबद्दल मतभेद आहेत. पण ज्युरासिक काळाचा आरंभीचा भाग धरला तर हा प्राणी १८ कोटी वर्षांहून जुना ठरतो. सुमारे १४ मीटर लांबीचा हा प्राणी पुढच्या राक्षसी सॉरोपॉडांसारखाच चारही पायांवर भार पेलत होता, पण त्याचे मणके अजून त्यांच्याइतके आतून पोखरून हलके झालेले नव्हते. आधी आकार वाढला, वजन कमी करण्याची युक्ती मागाहून पक्की झाली, असा एक टप्पा या हाडांत दिसतो.

कवटी मात्र सापडली नाही. काही दात मिळाले, तेवढेच. सॉरोपॉडचे डोके लहान आणि मानेला नाजूकपणे जोडलेले असते. प्रेत वाहत गेले की ते आधी निसटते. म्हणून या प्राण्याच्या चित्रात जे डोके दिसते ते त्याच्या नातेवाइकांकडून उसने घेतलेले असते. विद्यार्थ्यांना चित्र दाखवताना हे अवश्य सांगावे.

सर्व हाडांचे सविस्तर वर्णन छापून आले २०१० साली. ते शाश्वती बंद्योपाध्याय, डेव्हिड जिलेट, संघमित्रा राय आणि धूर्जटी सेनगुप्ता यांनी केले. खोदकामाला तेव्हा जवळजवळ ५० वर्षे झाली होती आणि खोदणाऱ्यांची पिढी निवृत्त झाली होती. एवढा उशीर ही काही अभिमानाची गोष्ट नाही. पण खणणाऱ्यांच्या नोंदी आणि हाडे जागेवर होती, म्हणून पुढच्या पिढीला ते करता आले. जबलपूरच्या मणक्याचे काय झाले ते आपण वर पाहिलेच.

या संग्रहाची ओळख करून घेण्याचा एक मार्ग म्हणजे त्यातल्या प्राण्यांची नावे वाचणे. मगरीसारख्या ‘पॅरासूकस हिस्लोपाय’मध्ये नागपूरचे हिस्लॉप आहेत. या पॅरासूकसचे दोन सांगाडे मालेरीच्या थरांत मिळाले आणि त्यांच्या पोटाच्या जागी छोट्या सरपटणाऱ्या प्राण्यांची हाडे निघाली. त्या भक्ष्याचे नाव ‘मालेरीसॉरस रॉबिन्सोनाय’. म्हणजे गुरूचे नाव चटर्जींनी शिकाऱ्याला न देता शिकारीला दिले! सस्तन प्राण्यांच्या दूरच्या एका पूर्वज-नातेवाइकाचे नाव ‘एक्झिरेटोडॉन स्टॅटिस्टिकाय’. संख्याशास्त्राचे नाव लावणारा प्राणी दुसरा मला माहीत नाही. २००७ साली जाहीर झालेल्या ‘लॅम्प्लगसॉरा’मध्ये पामेला लॅम्प्लग रॉबिन्सन यांचे मधले नाव आहे. त्याच लेखात आणखी एक नाव आहे, आणि मला ते सर्वांत मोलाचे वाटते : ‘प्रधानिया’. धुइया प्रधान हे इन्स्टिट्यूटचे जीवाश्म गोळा करणारे कर्मचारी. हाड प्रथम ज्याच्या नजरेला पडते त्याचे नाव शोधनिबंधात सहसा शेवटच्या आभारांत असते, तेही असलेच तर.

महाराष्ट्राचा आणखी एक प्राणी या संग्रहात आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावच्या टेकडीत १९८० च्या दशकात इन्स्टिट्यूटच्या लोकांना एका सॉरोपॉडचा बराचसा सांगाडा मिळाला. हा बारापासॉरसपेक्षा खूप अलीकडचा, क्रिटेशस काळाच्या अखेरचा. १९९७ मध्ये जैन आणि बंद्योपाध्याय यांनी त्याला टायटॅनोसॉरसची एक जाती मानले. २००३ साली नव्याने तपासणी झाली, तो वेगळाच ठरला आणि इन्स्टिट्यूटच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याचे नाव ‘आयसिसॉरस’ झाले. जवळच्याच पिसदुऱ्याला डायनोसॉरांच्या शेणाचे दगड मिळतात. २००५ साली त्यांत गवताचे सूक्ष्म अवशेष सापडले आणि डायनोसॉरांच्या काळात गवत नव्हते हा पाठ्यपुस्तकातला समज मोडला.

आता तो दुसरा प्रश्न. आमची हाडे तिकडे का? प्राणहितेपलीकडे यामनपल्लीला मिळालेला ‘कोटासॉरस’ हैदराबादच्या बिर्ला विज्ञान संग्रहालयात उभा आहे, म्हणजे त्या खोऱ्यातल्या मुलांना तो तुलनेने जवळ आहे. सिरोंचा तालुक्यात वडधमला जीवाश्म उद्यान आहे; तिथे अश्मीभूत झाडे जागेवर पाहता येतात. पण पोचमपल्लीच्या मुलाला ‘बडा पा’ पाहायचा तर अर्धा देश ओलांडावा लागतो. हाडे जशीच्या तशी परत आणावीत असे मला वाटत नाही. ती जिथे अभ्यासली जातात, जिथे त्यांच्या नोंदी आहेत, तिथेच सुरक्षित आहेत. हे मी कोलकात्याच्या प्रेमाने म्हणत नाही. बंद खोलीत कुजलेल्या चिठ्ठ्या आणि बेवारशी पेट्या मी दुसरीकडे पाहिल्या आहेत. पण हाडाचा साचा काढता येतो, साच्यातून हुबेहूब प्रतिकृती काढता येते, आणि तिला खर्च फार नाही. सांगाड्याची नको, एका मांडीच्या हाडाची प्रतिकृती सिरोंचाला असायला काय हरकत आहे? हे मी शिबिरांत बोलत असतो. टाळ्या पडतात आणि चहा येतो.

त्या भागातल्या एका शिक्षकांनी मात्र वाट पाहिली नाही. माझ्याकडून मापे घेऊन त्यांनी शाळेच्या व्हरांड्यातल्या भिंतीवर ऑइलपेंटने ते हाड पूर्ण आकारात रंगवून घेतले आणि बाजूला सेंटिमीटरच्या खुणा केल्या. मुले त्याला पाठ लावून आपली उंची मोजतात, असे त्यांनी पत्रात लिहिले होते. पत्राच्या शेवटी चौथीच्या मुलांचा एक प्रश्न होता : ‘याचे डोके कुठे आहे?’ मी त्यांना कळवले, की ते अजून कोणालाच सापडलेले नाही. कुठे असलेच तर तुमच्याच तालुक्यात असण्याची शक्यता जास्त.